माळवदावरची नऊ टन माती

दहा बाय दहाची एक खोली घ्या. तिच्यावर माळवद, म्हणजे लाकडांवर माती घालून केलेले सपाट छत, आणि माळवदावर दोन फूट माती. या मातीचे वजन काढायला इंजिनीअर लागत नाही. दोनशे घनफूट माती म्हणजे साडेपाच घनमीटरांहून थोडी जास्त. चोपून बसलेली माती घनमीटरला सोळाशे किलोच्या आसपास भरते. गुणाकार नऊ टनांवर जातो. कारखान्याला निघालेली उसाची भरलेली एक ट्रॉली घराच्या डोक्यावर नेऊन ठेवावी, एवढे हे ओझे. पाऊस मुरला की त्यात आणखी भर.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली हजारो कुटुंबे असल्या ओझ्याखाली झोपली होती. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोकांनी नुकतीच पाठ टेकली होती. किल्लारी, सास्तूर, तळणी, होळी, मंगरूळ, गुबाळ, पेठसांगवी, राजेगाव... तेरणेच्या काठची गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. सरकारी मोजणीत 7,928 माणसे गेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली, पंधरा हजारांवर जनावरे दावणीलाच मेली. 52 गावे पुन्हा उभी करता येणार नाहीत इतकी मोडली.

या भूकंपाची तीव्रता 6.2 होती. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला 6.7 चा भूकंप झाला. त्याची ऊर्जा किल्लारीच्या पाचपटीहून अधिक, वेळही पहाटेचीच, वस्ती कितीतरी दाट, आणि तरी मृत्यू शंभराच्या आत. हा फरक जमिनीतून आलेला नाही. तो भिंतीतून आणि छतातून आलेला आहे.

किल्लारीनंतर राज्याने सर्वांत जास्त बळ लावले ते गावे उचलून दुसरीकडे वसवण्यावर. ज्या घरांनी माणसे मारली, तशीच घरे इतर हजारो गावांत उभी होती. ती भक्कम करण्याचे काम सुरू झाले, काही काळ चांगले चालले आणि अर्ध्यावर सुटले. ते पुन्हा हाती घ्यायला हवे, आणि त्याची सुरुवात माळवदावरची माती उतरवण्यापासून व्हायला हवी. नवे घरकुल, नवे गावठाण या गोष्टी नंतरच्या.

आधी ती भिंत नीट पाहू. बाहेरून ती बुरुजासारखी दिसते. दोन-अडीच फूट तर सहज, वाड्यांमध्ये चार-पाच फुटांपर्यंत जाड. मध्ये आडवी चिरली तर ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक पदर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत लहान दगड, कपऱ्या, माती. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड नसतो. बाहेरचे तोंड घडवलेले, पण आतली शेपटी निमुळती, त्यामुळे दगड एकमेकांवर पुरते बसलेले नसतात. सांधायला मातीचा गारा. ही भिंत वरून खाली येणारा भार शंभर वर्षे पेलते, कारण तो भार सरळ खाली असतो. आडवा धक्का बसला की दोन पदर आपापल्या चालीने हलतात. मधला भरावा खाली बसू लागतो आणि पाचरीसारखा दोन्ही पदरांना बाहेर रेटतो. भिंतीला पोट सुटते. पुढच्या दोन-तीन हेलकाव्यांत बाहेरचा पदर गल्लीत पडतो आणि आतला खोलीत. जो पळत गल्लीत गेला तो समोरच्या घराच्या बाहेरच्या पदराखाली सापडतो, कारण गल्ली सहा-आठ फुटांची आणि दोन्ही बाजूंच्या भिंती तिच्याहून उंच.

कोपरा ही दुसरी कमजोर जागा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे लांब दगड आलटून पालटून दोन्हींत शिरायला हवेत. प्रत्यक्षात अनेकदा एक भिंत आधी पुरी झालेली असते आणि दुसरी तिला नुसती चिकटवलेली. घर वाढवताना तर हमखास तसेच होते. भावाभावांत वाटणी झाली, नवी खोली काढली, तिची भिंत जुनीला टेकवली. हादऱ्यात पहिली उभी भेग तिथेच पडते. चारही भिंती सुट्या झाल्या की खोली पत्त्यांच्या घरासारखी उघडते.

आता छत. माळवदाची मूळ रचना वाईट नाही. खांब तळखड्यावर उभे, खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडे, वर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि माती. खांबांमधल्या अंतरावरून घर ‘किती खणांचे’ ते मोजायचे. ज्या घरांत हा लाकडी सांगाडा पुरता होता आणि छताचा भार भिंतीवर नव्हता, तिथे भिंती बाहेर पडूनही छत काही ठिकाणी उभे राहिले आणि खालची माणसे वाचली. जिथे लाकूड वाचवण्यासाठी तुळयांची टोके थेट भिंतीत घातली होती, तिथे भिंत गेली की छत खाली आले. खांब असूनही तुळई त्यावर नुसती टेकवलेली, दोन्हींच्या कोनात तिरपा आधार नाही, अशा ठिकाणी सगळा सांगाडा एका अंगाला कलंडला.

आणि माती वाढत जाते. बांधताना ती एवढी नसते. गावच्या पांढरीतली चिकण, खारी माती पाण्याला दाद देत नाही म्हणून ती वापरायची. पावसाळ्यात कुठे गळले की पुढच्या उन्हाळ्यात त्या जागी आणखी चार टोपली टाकायची, बडवायची. जुनी माती कोणी उतरवत नाही. आजोबांनी टाकलेल्या थरावर वडिलांचा थर, त्यावर मुलाचा. पन्नास वर्षांत फुटाचे दोन फूट होतात, कुठे अडीच. हे अडाणीपणातून झाले म्हणणे अन्याय होईल. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात माळवदाखाली जी सावली मिळते ती पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली मिळत नाही. दगड रानात फुकट, माती गावात फुकट, गवंडी शेजारच्या गावचा. हवामानाला आणि खिशाला हे घर चोख उत्तर होते. भूकंप मात्र कुणाच्या गणितातच नव्हता.

तो सरकारच्याही गणितात नव्हता. तेव्हाच्या नकाशात हा भाग पहिल्या झोनमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता. भूकंपानंतर किल्लारीत 617 मीटर खोल विंधण घेतले, तेव्हा 338 मीटर काळ्या पाषाणाखाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. वरच्या जाड पाषाणाखाली काय दबून आहे, हे पृष्ठभागावरून कळण्यासारखे नव्हतेच. पण 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धडा समोर होता. तिथेही भूकंपाच्या आधीचा नकाशा निर्धोक होता आणि नंतरचा धोक्याचा. 2002 मध्ये पहिला झोन नकाशातूनच काढून टाकला आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्यात गेला. म्हणजे दोन्ही वेळा नकाशा भूकंपाच्या मागून चालत आला. माकणीच्या निम्न तेरणा धरणामुळे हे घडले का, यावरही पुष्कळ वाद झाला. घर बांधणाऱ्याला त्या वादाचा काही उपयोग नाही. धरण असो वा नसो, मातीत रचलेली दोन पदरी भिंत तशीच पडणार.

अधिक बोचणारी गोष्ट दुसरी आहे. ऑगस्ट 1992 पासून किल्लारी परिसरात धक्के जाणवत होते आणि ऑक्टोबरात एक मोठा धक्का बसून घरांना तडेही गेले होते. लोक घाबरले, काही काळ बाहेर झोपले, ‘गाव हलवा’ म्हणून मागण्या झाल्या. मग धक्के कमी झाले आणि लोक घरात परतले. भूकंप कधी येईल हे कोणालाही सांगता आले नसते, आजही येत नाही. पण ‘माळवदावरची माती उतरवा, तुळयांना टेकू द्या’ एवढे सांगायला भाकीत लागत नव्हते. अकरा-बारा महिने हातात होते. गाव हलवायला ते पुरले नसते, माती उतरवायला पुरून उरले असते. गाव हलवणे आणि काहीच न करणे, या दोन पर्यायांच्या मधे काही असू शकते, हेच तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. आजही ते फारसे नाही.

पुनर्वसनाबद्दल बोलताना अन्याय होऊ नये. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने जे काम उभे केले ते त्या काळी देशात अपूर्व होते. सर्वाधिक नुकसानीची 52 गावे नव्या जागी बांधली. 22 गावांत जागच्या जागी नवी घरे दिली. तेरा जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम आखला. नव्या घरांचे आकार जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्यावर 750. भिंती मजबूत, त्यांना बांधून ठेवणारे काँक्रीटचे आडवे पट्टे घातलेले, छत स्लॅबचे. भूकंप आला तर ही घरे माणसे मारणार नाहीत, एवढे निश्चित साधले.

पण गाव म्हणजे घरांची बेरीज नव्हे. आखीव चौकोनी रस्ते, सुटे सुटे प्लॉट, जुन्या गावठाणाच्या कित्येक पट पसरलेली जागा. शेजार तुटले, भावकीच्या गल्ल्या फुटल्या, शेत लांब गेले, नळाची लाइन आणि दिवाबत्ती लांबली आणि ती सांभाळण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडला. थोड्या ठिकाणी वेगळा विचार झाला. बाणेगावात लॉरी बेकर यांच्या आराखड्यात घरे गटागटाने, मधे अंगण ठेवून रचली गेली. बहुतेक ठिकाणी मात्र कागदावर पट्टी ठेवून गाव आखले गेले. जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, चूल कुठे मांडायची, याचे उत्तर 250 चौरस फुटांत नव्हते. मग लोकांनी स्वतः वाढवायला सुरुवात केली. पक्क्या घराला लागून गोठा, गोठ्याला लागून स्वयंपाकघर, जुन्या गावठाणातून आणलेल्या दगडांची, मातीत रचलेली, पट्ट्याशिवाय. तीस वर्षांत अनेक ठिकाणी भूकंपरोधक गाभ्याभोवती भूकंपाला बळी पडणाऱ्या खोल्यांचे कडे तयार झाले आहे. घर बांधून दिले, पण घर बांधण्याची रीत बदलली नाही, याचा हा परिणाम.

रीत बदलण्याची संधी होती ती त्या दोन लाख घरांच्या कार्यक्रमात. तिथे पैसा घरमालकाच्या हाती होता, गवंडी गावचा होता, इंजिनीअर मार्गदर्शनाला होता. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हजाराहून अधिक गावांत बचत गटांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. सिमेंट किती, सळई कोणती, हप्ता कधी, याची विचारपूस त्या दारोदार करत. लोकांच्या हाती बांधकाम दिले तर ते निकृष्ट होईल, ही भीती या कामाने खोटी ठरवली. 2001 च्या भुज भूकंपानंतर गुजरातने पुनर्बांधणी मालकाच्या हाती ठेवून, टप्प्याटप्प्यावर तपासणी करून हप्ते दिले, त्यामागे लातूरचा अनुभव होता.

तरीही मराठवाड्यात एक गोष्ट हुकली. दगडाची धास्ती इतकी बसली होती की बहुतेकांनी मिळालेल्या पैशातून जुने घर भक्कम करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली. त्या क्षणी ते साहजिक होते. पण जुने घर पाडले कोणी नाही. त्यात धान्य राहिले, जनावरे राहिली, मग म्हातारे आईवडील झोपायला गेले, मग थोरल्या मुलाचे लग्न झाले आणि त्याचा संसार तिथे मांडला. माती होती तेवढीच राहिली, किंबहुना वाढली. किल्लारीच्या पट्ट्याबाहेर, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, सोलापूरच्या गावांत तर धास्तीही बसली नाही आणि बदलही झाला नाही.

2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला हिंगोली परिसरात 4.5 चे धक्के बसले आणि परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. घरांवरच्या पत्र्यांना आधार म्हणून ठेवलेले मोठे दगड काढून घ्या, अशी सूचना प्रशासनाने काढली. सूचना अगदी योग्य होती. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला पंधरा-वीस किलोचा धोंडा हादऱ्यात घरंगळून खाली झोपलेल्याच्या डोक्यात पडतो. पत्रा लाकडाला हुकबोल्टने आणि लाकूड भिंतीला सळईने बांधले तर धोंड्याची गरजच उरत नाही. पण धोंड्याची सूचना निघते आणि माळवदावरच्या नऊ टनांबद्दल कोणी बोलत नाही, हे कसे?

माती उतरवणे म्हणजे काय, हे नेमके सांगायला हवे, कारण चुकीच्या पद्धतीने उतरवली तर छत त्याच दिवशी खाली येऊ शकते. काम उन्हाळ्यात, माती वाळलेली असताना करायचे. खोली रिकामी करून आधी प्रत्येक तुळईला मधोमध टेकू द्यायचा. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक टोकरून पाहायचे. वाळवी बहुधा तिथेच लागलेली असते, कारण तिथली ओल कधी सुटत नाही. मग माती समान थरांत काढायची, एका वेळी अर्धा फूट आणि सगळ्या छतावरून. एक बाजू रिकामी आणि दुसरीवर ढीग, हे सर्वांत धोक्याचे. काढलेली माती छताच्या कडेला साठवायची नाही आणि भिंतीच्या बुडाशी टाकायची नाही. पावसात तिथे पाणी तुंबून पाया भिजतो. आठ इंच माती राहिली की थांबायचे. त्यातलाच वरचा थर उचलून खाली जाड प्लास्टिकचा कागद, सांध्याला फूटभर चढवून अंथरायचा, माती परत पसरायची, वर भुसा मिसळलेल्या मातीचा लिंपणाचा हात द्यायचा आणि उतार पन्हळीकडे काढायचा. गळती थांबवण्याचे काम आता प्लास्टिक करते, मातीच्या जाडीची गरज राहत नाही. कागद उन्हात उघडा पडला तर दोन वर्षांत फाटतो, म्हणून कडेला तो मातीखाली दाबलेलाच राहिला पाहिजे.

दहा बाय दहाच्या खोलीवरून नऊ टनांपैकी सहा टन असे उतरतात. पंधरा किलोचे घमेले धरले तर चारशे घमेली. वर दोघे, खाली दोघे, दोन-तीन दिवसांचे काम. लागणारा माल म्हणजे प्लास्टिकचा कागद आणि टेकूची लाकडे. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात लागतो, म्हणून छताचे वजन तिसऱ्या हिश्शावर आणले की भिंतीच्या माथ्यावर येणारा आडवा रेटा त्याच प्रमाणात घटतो. एवढ्या थोड्या खर्चात एवढा मोठा फरक पडणारे दुसरे काम या घरात नाही.

त्यापुढचे काम भिंतीचे. भारतीय मानक 13828 दगडी कच्च्या बांधकामासाठी आणि 13935 दुरुस्तीसाठी, दोन्ही पहिल्यांदा 1993 मध्येच निघाली. नव्या दगडी भिंतीत उंचीच्या दर दोन फुटांवर, आडवे चार फुटांहून कमी अंतर ठेवून आरपार दगड हवा. भिंत दीड फुटाहून जाड नको. जाड भिंत भक्कम, हा समज गवंड्यांच्या मनातून काढणे सर्वांत अवघड. जुन्या भिंतीत आरपार दगड नसेल तर तो काँक्रीटचा घालता येतो. दर मीटरला एक दगड हळूच सैल करून काढायचा. घण मारायचा नाही, पहारीने हलवायचा, नाहीतर आजूबाजूची दहा दगडे ढिली होतात. तीन-चार इंचांचे आरपार भोक करून दोन्ही तोंडे थोडी रुंद करायची, दोन्ही टोकांना आकडा असलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची, भोक पाण्याने धुवायचे आणि काँक्रीट ठासून भरायचे. चूक इथे होते. एकाच बाजूने काँक्रीट ढकलले की मधे पोकळी राहते आणि बाहेरून काम पूर्ण झाल्यासारखे दिसते. दोन्ही बाजूंनी, थोडे थोडे, सळईने ठोसून भरले तरच ते धरते. पुढचे दहा दिवस ओले ठेवायचे.

मग दारा-खिडक्यांच्या माथ्यावर पट्टा. नव्या घरात तो काँक्रीटचा, किमान तीन इंच उंच, दोन सळया आणि दर सहा इंचांवर रिंगा. जुन्या घरात भिंतीच्या दोन्ही अंगांना वेल्ड केलेल्या जाळीचा पट्टा, आरपार सळयांनी एकमेकांना जखडून वर सिमेंटचा गिलावा. किल्लारीतच याचा पुरावा उभा होता. भोवती सगळे पडलेले असताना दारावरच्या पातळीला पट्टा असलेले एक घर शाबूत राहिले. देशभरातल्या इंजिनीअरांच्या प्रशिक्षणात त्या घराचा फोटो दाखवला जातो. पट्टा कोपऱ्यात तुटला तर मात्र तो असून नसल्यासारखा. सळई कोपऱ्याशी कापून दुसरी सुरू करणे ही गावोगाव दिसणारी चूक. सळई वळवून दुसऱ्या भिंतीत दोन-अडीच फूट न्यायची आणि मग जोड द्यायचा. जिन्यासाठी किंवा उंच खिडकीसाठी पट्टा मधेच सोडणे ही दुसरी. ज्या भिंतीला आधीच पोट आलेले आहे तिच्यावर यातले काहीही करू नये. ती उतरवून पुन्हा रचावी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. जुन्या घरांवर खर्च कशाला, सगळ्यांना घरकुल द्या. ऐकायला बरे वाटते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे मूळ अनुदान सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे 270 चौरस फुटांच्या आत. पाच-सहा माणसांचे कुटुंब, जनावरे आणि वर्षाचे धान्य त्यात मावत नाही. म्हणून घरकुल जुन्या घरासमोर उभे राहते आणि जुने घर वापरात राहते. 1993 नंतर जे झाले त्याचीच ही पुनरावृत्ती. शिवाय वाडा किंवा पाच खणांचे घर असलेला शेतकरी यादीत बसतच नाही. त्याच्या डोक्यावरची माती सर्वांत जाड आणि सरकारच्या हिशेबात तो पक्क्या घराचा मालक.

दुसरा आक्षेप असा की लोक आता माळवद काढून स्लॅबच टाकताहेत, प्रश्न आपोआप सुटेल. चार इंची स्लॅब दोन फूट मातीहून खूप हलका, हे खरे. दहा बाय दहाला सव्वादोन टनांच्या आसपास. पण तो त्याच मातीत रचलेल्या दोन पदरी भिंतीवर टाकला तर भिंत तितकीच कच्ची राहते, आणि ती फुटली की स्लॅब एकसंध खाली येतो. मातीच्या ढिगाऱ्यातून माणूस हातांनी उकरून काढता येतो. स्लॅबखालून काढायला क्रेन लागते, आणि पहाटे चार वाजता गावात क्रेन नसते. स्लॅब टाकायचा तर आधी भिंत जोडा, पट्टा घाला, मग टाका.

घरकुल योजनेतच एक सोपे दार उघडे आहे. हप्ता सोडण्यापूर्वी बांधकामाचा जागेच्या नोंदीसह फोटो घेण्याची पद्धत चालू आहे. त्यात एका फोटोची भर घालावी. दारा-खिडक्यांच्या माथ्यावर सळई बांधून झाली आहे, काँक्रीट अजून पडलेले नाही, आणि चारही कोपऱ्यांतले वळण दिसते आहे, असा फोटो. तो नसेल तर पुढचा हप्ता नाही. नवा कायदा नको, नवे खाते नको. काँक्रीट पडल्यावर आत काय आहे हे देवालाही दिसत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची.

गवंड्यांचे प्रशिक्षण त्याहून अधिक गरजेचे. गावातल्या दहा घरांपैकी नऊ घरे इंजिनीअर न पाहता बांधली जातात. त्या नऊ घरांचा इंजिनीअर म्हणजे गवंडी. त्याला व्याख्यान नको, आठ दिवस एका खऱ्या भिंतीवर काम हवे, त्या दिवसांची मजुरी हवी आणि शेवटी ओळखपत्र हवे, जे पाहून घरमालक त्याला दोन पैसे जास्त द्यायला तयार होईल. भूकंपानंतरच्या वर्षांत असे शिकलेले शेकडो हात तयार झाले होते. ते आता म्हातारे झालेत. त्यांच्या हाताखाली नवे गवंडी घालण्याची हीच शेवटची काही वर्षे आहेत.

आणि मोजणी. महाराष्ट्रात किती माळवदे आहेत, कोणत्या गावात किती जाडीची, हे गावाखेरीज कोणी सांगू शकणार नाही. मोजायला अवघड काही नाही. उजेडासाठी ठेवलेल्या गवाक्षाच्या कडेला पट्टी उभी धरली की जाडी दिसते; गवाक्ष नसेल तर टोकदार सळई फळीला लागेपर्यंत खुपसायची आणि किती आत गेली ते पाहायचे. घरमालकाचे नाव, खोलीचे माप, मातीची जाडी, तुळई खांबावर की भिंतीत, भिंतीला पोट आहे की नाही. एका घराला दहा मिनिटे. ग्रामसेवक, एक गवंडी आणि बचत गटातल्या दोन बायका मिळून दोनशे उंबऱ्यांचे गाव आठवडाभरात पुरे करतील. माळवदावर नवी माती टाकण्याचा हंगाम पावसाळ्याच्या आधीचा, आणि 1 मे ची ग्रामसभा नेमकी त्याच दिवसांत येते. त्या सभेपुढे ही यादी ठेवावी, दीड फुटावरची घरे वर, आणि माती टाकायला निघालेल्या टोपल्या त्या घरांवर माती उतरवायला लावाव्यात.